कुमुदचे मार्क

“‘आम्ही’ नको. हा शब्द या खोलीत चालत नाही. तू काय केलंस, तेवढं सांग.”

दुधाटे सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते. ‘बस’ असं ते मघाशीच म्हणाले होते, पण मला बसायचं सुचलं नव्हतं. एप्रिल महिना होता, वरचा पंखा नुसती गरम हवा ढवळत होता.

“मी बिस्किटं भाजली सर. बालाजीच्या बरोबर.”

“भट्टीवर बालाजी होता, हे मी रोज येता-जाता पाहिलंय. तू काय केलंस?”

“त्याला पीठ चाळून दिलं.”

“वर्षभर पीठ चाळलंस?” सर हसले नाहीत. ते हसायचेच नाहीत. “बाजरी उकळत्या पाण्यात बुडवून काढायची, वाळवायची आणि मग दळायची, म्हणजे पीठ लवकर कडू होत नाही. हा तुमच्या प्रोजेक्टचा कणा आहे. ते काम कोणी केलं?”

ते काम मी केलं होतं. पाणी किती उकळलेलं हवं, बाजरी किती वेळ बुडवायची, हे ठरवताना माझे दोन्ही हात भाजले होते. डाव्या मनगटावर डाग अजूनही आहे. मी ते मनगट ओढणीत लपवलं आणि म्हणाले, “कुमुदने, सर.”

सरांनी काहीतरी लिहून घेतलं. “बरं. जा. बालाजीला पाठव.”

फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाचा हा आमचा प्रोजेक्ट. बाजरीचं पीठ थोड्याच दिवसांत खवट होतं, कडवट लागतं, म्हणून बाजारात बाजरीची बिस्किटं कोणी आणत नाही. तर ती टिकाऊ कशी करायची. शंभर मार्कांचं काम. अर्धे मार्क रिपोर्टला, ते चौघांना सारखे. उरलेले पन्नास ज्याचे त्याला. बाकीचे सर लोक ते पन्नाससुद्धा चौघांना सारखेच वाटून मोकळे व्हायचे, मग एखाद्याने वर्षभर कँटीनमध्ये पाय पसरून काढलेलं का असेना. दुधाटे सरांना ते खपायचं नाही. ते एकेकाला आत बोलवायचे, तू काय केलंस विचारायचे, बाकीच्यांनी काय केलं तेही विचारायचे. मग सगळ्यांना एकत्र बसवून कोण काय म्हणालं ते तोंडावर सांगायचे आणि तिथल्या तिथे मार्क जाहीर करायचे. पाठीमागे केलेला निवाडा त्यांना पटायचा नाही. पोरांनी त्यांचं नाव ‘तागडी’ ठेवलं होतं. पन्नासातले वीस मिळाले तर पास. तागडीपुढे वीस मिळवतानाही भल्याभल्यांना घाम फुटायचा.

मी बाहेर आले, तर कुमुद व्हरांड्यातल्या बाकावर जुबेरची फिरकी घेत बसली होती. डोक्याला निळा रुमाल, अंगावर सैल झालेला पंजाबी ड्रेस. मला पाहून म्हणाली, “काय गं अलके, तागडीत बसून आलीस? भरलं का वजन?”

“भरलं.”

“मग तोंड असं का केलंस एरंडेल प्यायल्यागत?”

मी हसले. त्या दिवसांत कुमुदसमोर हसायचं, हे आम्ही तिघांनी ठरवूनच टाकलं होतं.

कुमुद गव्हाणे माझी हॉस्टेलमधली जोडीदार, पहिल्या वर्षापासून एका खोलीत. नाव तिच्या आजीचं ठेवलेलं, म्हणून आम्ही तिला ‘कुमुदआजी’ म्हणायचो आणि तीही आजीच्या थाटात आमचे कान उपटायची. प्रोजेक्टला ग्रुप तिनेच जमवला. भट्टी बालाजीकडे, प्रयोगशाळेतल्या तपासण्या जुबेरकडे, धान्य माझ्याकडे, आणि चवीची परीक्षा स्वतःकडे. “मी आयतं खाणार आणि तुम्हाला नावं ठेवणार, याच्यापेक्षा चांगलं काम नाही,” असं म्हणाली होती. त्यानंतर महिन्याभरातच तिला ताप यायला लागला. तो उतरेना. गावच्या डॉक्टरांनी औरंगाबादला पाठवलं, औरंगाबादच्यांनी मुंबईला. वर्ष तिकडेच गेलं.

मार्चमध्ये ती परत आली. उपचारांचा कोर्स पूर्ण झाला, औषधं बंद झाली, आता फक्त ताकद भरून यायची आहे, असं तिला सांगण्यात आलं होतं. आजाराचं नाव तिला केव्हाच कळलेलं होतं. चार वर्षं बायोकेमिस्ट्री घोकलेली पोरगी ती, तिच्यापासून काय लपणार? पण औषधं का बंद झाली, ते तिला माहीत नव्हतं. ते आम्हाला माहीत होतं.

तिचे वडील, आप्पा, तिला हॉस्टेलवर सोडायला आले तेव्हा त्यांनी आम्हा तिघांना फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बोलावून घेतलं. पागोट्याचा शेव डोळ्यांना लावत म्हणाले, “डॉक्टरनं हात टेकले, पोरांनो. घरी न्या म्हणले, तिला जे आवडंल ते खाऊ घाला म्हणले. लेकराला आम्ही काही सांगितलं न्हाई. सांगायची छाती होत न्हाई. तुम्हीबी तोंडातून काढू नका. सरांनाबी सांगू नका, मोठ्या माणसाच्या तोंडून चुकून निघून जातं.”

“नाही काढणार, आप्पा,” बालाजी म्हणाला. एवढा धिप्पाड पोरगा, पण आवाज पार खाली गेला होता.

“अन् एक करा. तिला पास होऊ द्या. जेव्हा बघावं तेव्हा लेकरू म्हणायलंय, आप्पा, मी डिग्री घेऊनच येते. तेवढं होऊ द्या बाबांनो.”

लेखी पेपर एप्रिलच्या सुरुवातीला झाले, ते तिने नीट दिले. डोकं होतंच तिला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या तिने वाचलंही होतं. अडचण प्रोजेक्टची होती. जिने वर्षभर प्रयोगशाळेचं तोंड पाहिलं नाही, तिला तागडी वीस मार्क देणार कशाचे? आम्ही तिघांनी फार खलबतं केली नाहीत. पढवून आलेली पोरं सरांच्या पुढे टिकत नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. ज्याने त्याने आत गेल्यावर कुमुदसाठी काय बोलायचं ते बोलावं, एवढंच ठरलं. आणि इथेच सगळी चूक झाली.

बालाजी गेला, आला. जुबेर गेला, आला. शेवटी कुमुद गेली. ती मात्र आत गेली तशी लगेच बाहेर आली. मग सरांनी आम्हा चौघांना एकदम बोलावलं आणि समोरच्या खुर्च्यांवर बसवलं.

“हे सगळं ऐका,” सर म्हणाले, “आणि मला समजावून सांगा. अलका नरवाडे म्हणते, बाजरी उकळून वाळवण्याचं सगळं काम कुमुदने केलं. हिने फक्त पीठ चाळलं.”

बालाजीने झटकन माझ्याकडे पाहिलं.

“बालाजी कल्याणकर म्हणतो, बिस्किटांचं प्रमाण, भट्टीची उष्णता, सगळं कुमुदने ठरवलं. हा फक्त ट्रे आत-बाहेर करत होता.”

आता मी बालाजीकडे पाहिलं.

“जुबेर पठाण म्हणतो, पिठाच्या आम्लतेच्या तपासण्या कुमुदने केल्या. हा फक्त बाटल्या धूत होता.” सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे जी मुलगी वर्षातला बराच काळ मुंबईला दवाखान्यात होती, तिने एकटीने हा सबंध प्रोजेक्ट केला. आणि तुम्ही तिघं वर्षभर चाळण, ट्रे आणि बाटल्या सांभाळत बसलात. असंच ना?”

दुसरा कुठलाही दिवस असता तर आम्ही हसून हसून लोळलो असतो. प्रत्येकाने आपापलं सगळ्यात जीवापाड केलेलं काम उचलून तिच्या ओंजळीत टाकलं होतं, आणि एकाचंही दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. जुबेर खाली मान घालून नखं खात होता. मी कुमुदकडे पाहायचं टाळत होते, पण न पाहून करते काय? ती माझ्या शेजारीच होती.

कुमुदच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. “काय वेडी आहेत बघा सर...” असं काहीतरी ती म्हणायला गेली. पण ते हसू मध्येच थांबलं. तिने एकेकाकडे पाहिलं. बालाजीकडे, जुबेरकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे ती फार वेळ पाहत राहिली. काहीतरी जुळवून पाहत होती ती.

“कुमुद,” सर म्हणाले, “तू मघाशी मला काय सांगितलंस, ते यांच्यासमोर सांग.”

“मी एक डबा हुंगला सर,” कुमुद शांतपणे म्हणाली. “दिवाळीनंतर मला मध्ये सुट्टी दिली होती, तेव्हा इथे येऊन गेले. त्या औषधांनी माझी चव गेली होती, पण नाक असं तिखट झालं होतं की मेसमध्ये कोणी कांदा चिरला तर मी वरच्या मजल्यावर उलटी करायची. तेव्हा मी यांच्या पिठाच्या डब्यांचा वास घेतला आणि दुसऱ्या डब्यातलं पीठ खवट व्हायला लागलंय, असं म्हटलं. तेवढंच. बाकी एवढंसुद्धा काम मी केलेलं नाही.”

“आणि जुबेर, तुझ्या तपासणीत तो डबा कधी सापडला?”

“चार-पाच दिवसांनी, सर,” जुबेर पुटपुटला. “त्या डब्यातली बाजरी उकळलेली नव्हती, नुसती उन्हात तापवलेली होती. तिच्यामुळेच आम्ही ती पद्धत सोडून दिली.”

“म्हणजे ते काम खरं आहे आणि कामाचं आहे.” सरांनी कागदावर आकडा लिहिला. “त्याचे अकरा मार्क.”

“सर!” बालाजी उठूनच उभा राहिला. “सर, नापास होईल ती.”

“मी तिला नापास करत नाहीये. तिने जेवढं केलं, तेवढं सांगतोय.”

“आजारी होती सर ती. माणुसकी म्हणून तरी...”

“आजारी होती म्हणून तिला वेळ देता येईल. पुढच्या वर्षी पुन्हा प्रोजेक्ट करता येईल. मार्क देता येणार नाहीत.” सर बोलत होते ते काही कठोरपणाने नव्हे. त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्यासमोर एक मुलगी बसली होती, मोठ्या दुखण्यातून उठलेली, जिचं एक वर्ष वाया गेलं होतं, एवढंच ते पाहत होते.

“बरोबर आहे सर,” कुमुद म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. साध्या आवाजात, जणू बाजारातून काय आणायचं ते विचारावं तसं तिने विचारलं, “पुढच्या वर्षी परत करते मी. काय गं अलके, करते ना?”

‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर. महिनाभर याहून मोठमोठं खोटं आम्ही तिच्याशी हसत हसत बोललो होतो.  पण मी तोंड उघडलं आणि माझे डोळे भरून आले.

कुमुदने मान हलवली. हळूच, दोनदा. मग तिने माझ्या मांडीवर थोपटलं, जणू आजारी मीच होते.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर ती मला फाटकाबाहेरच्या लिंबाखाली घेऊन गेली. नेमकी तिथेच, जिथे आप्पांनी आम्हाला गाठलं होतं. पारावर बसली, पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली.

“किती दिवस म्हणालेत?”

“कुमुद, तू उगाच काहीतरी...”

“अलके. मला आता दमायला होतं. तू खोटं बोलणार, मी ते खरं धरल्यासारखं करणार, एवढं सगळं करायला अंगात जीव नाही राहिलेला. किती?”

“दिवस नाही सांगितले. पण फार नाहीत.”

तिने वर झाडाकडे पाहिलं. लिंबाला नवी पालवी होती, मोहोराचा वास सुटला होता. तिला तो माझ्याहून कितीतरी जास्त येत असणार.

“मला वाटलं होतं बरी झाले म्हणून औषध थांबवलं. आप्पा इतकं गोड हसायचे. आईनं गुळाच्या पोळ्या केल्या. मामा आला तर माझ्या पाया पडला, मोठा असून. तेव्हासुद्धा वाटलं नाही काही. आणि आज तुम्ही तिघांनी दिवे लावले.” ती हसली. “तू तुझी बाजरी मला देऊन टाकलीस. हातावर फोड आले होते ना तुझ्या? पत्रात लिहिलं होतंस मला चार पानं. ती बाजरी तू सख्ख्या बहिणीला दिली नसतीस. बालाजी तर त्या भट्टीला हात लावू द्यायचा नाही कोणाला. ज्याला पुढे जगायचंय त्याला कोणी असं देत नाही गं. त्याच्याशी भांडतात, एकेका मार्कासाठी.”

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. ती रडली नाही. माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. तिच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नव्हता.

“तुला सांगू?” मग ती म्हणाली. “वर्षभर सगळे मला देतायत. फळं देतात, जागा देतात, माझं ऐकून घेतात. कोणी माझ्याकडे काही मागत नाही, कोणी मला नाही म्हणत नाही. तागडीनं मार्क कापले ना, तेव्हा थोडा वेळ असं वाटलं, की मी जिवंत आहे.”

दुसऱ्या दिवशी आप्पा तिला गावी घेऊन गेले. निघताना तिने कोणाला काही जाणवू दिलं नाही. आप्पांना तर मुळीच नाही. त्यांच्यासाठी ती बरी होत असल्याचं सोंग आता ती वठवत होती.

ती गेल्यावर आम्ही तिघं सरांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी ऐकून घेतलं. मग ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

“मला आधी का नाही सांगितलंत?” त्यांनी विचारलं.

“आधी सांगितलं असतं तर तुम्ही वीस दिले असतेत, सर?” जुबेरने विचारलं.

सर खिडकीपासून वळले. मग म्हणाले, “अलका, तिच्या गावाला बस कोणती जाते?”

दोन दिवसांनी मी आणि सर बोरगावला कुमुदच्या घरी गेलो. सरांच्या हातात मोठी पिशवी होती आणि पिशवीत घट्ट झाकणांचे छोटे छोटे डबे. कुमुद ओसरीवर बाजेवर पडली होती. सर मास्तरासारखे बाजेजवळच्या स्टुलावर बसले. तब्येतीचं काही विचारलं नाही, की सांत्वनाचं काही बोलले नाहीत.

“तुमच्या प्रोजेक्टमध्ये एक भोक आहे,” ते म्हणाले. “जुबेरची तपासणी पीठ बिघडल्यावर सांगते. माणसाचं नाक त्याच्या आधी सांगतं, हे तू दाखवलंस, पण एकदाच. एकदा म्हणजे योगायोगही असू शकतो. हे डबे बघ. कुठल्यात काय आहे ते मी सांगणार नाही. रोज सकाळी एकेक उघडायचा, वास घ्यायचा आणि जसं असेल तसं सांगायचं. अलका लिहील. त्याच पिठाची तपासणी तिकडे जुबेर करील. विद्यापीठाला मार्क पाठवायच्या तारखेपर्यंत हे काम झालं, तर नऊ मार्कांचं आहे.”

“आणि अर्धं झालं तर?” कुमुदने विचारलं. तिच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी ती जुनी चमक आली होती.

“तर अर्धे.”

“अलकाला लिहिण्याचे?”

“तिला काही मिळणार नाही. तिचं मी दिलंय आधीच, तिने बाजरी तुझ्या नावावर खपवली तरी.”

कुमुद खदखदून हसली. आतून तिची आई धावत आली, इतक्या दिवसांनी हे हसू ऐकून.

मी तिथेच राहिले. रोज सकाळी, अंगणात सडा पडायच्या आत, घरात दुसरा कुठला वास उठायच्या आत, मी एकेक डबा तिच्या नाकाशी धरायची. कुमुद डोळे मिटून वास घ्यायची. “ताजं.” “ताजं.” “हे उद्या बिघडणार, लिहून ठेव.” “यात जरासं ओलं धान्य होतं, कोणी दळलं हे?” आप्पा सुरुवातीला कुरकुरले, लेकराला निजू द्या म्हणाले. मग तेही रोज येऊन उंबऱ्यात बसायला लागले. एकदा कुमुदने दोन डबे आलटून पालटून पुन्हा पुन्हा हुंगले आणि म्हणाली, “तागडीला सांग, हे दोन्ही एकाच पिठाचे आहेत. मला फसवायला बघतात होय?” मी गावातल्या पोस्टातून सरांना फोन केला. सर म्हणाले, “खरं आहे. मुद्दाम ठेवले होते.” आणि फोनवर मला त्यांचं हसू ऐकू आलं. त्यांना हसताना मी ऐकलं ते तेवढंच.

ती रोज थोडी थोडी कमी होत होती. आधी बसून वास घ्यायची, मग पडून. शेवटी शेवटी एकेका डब्यामागे तिला थांबून दम घ्यावा लागायचा. मी म्हणायची, आज राहू दे. ती म्हणायची, “तुझ्या बापाचे मार्क आहेत का?”

एका सकाळी मी पहिला डबा उघडून धरला. तिने वास घेतला. परत घेतला. मी दुसरा उघडला. मग तिसरा. तो तर मलासुद्धा खवट झालेला कळत होता.

“अलके, मला कसलाच वास येत नाही आज.”

“थोड्या वेळाने बघू. सर्दी असेल.”

“नाही गं. गेला तो.” ती डोळे मिटून पडून राहिली. माझ्या हातात पेन होतं. तिसऱ्या डब्यापुढे ‘खवट’ लिहायला मला किती वेळ लागला असता? डोळे न उघडताच ती म्हणाली, “काही लिहू नकोस हं. कोरं सोड.”

मी कोरं सोडलं.

त्यानंतर डबे उघडले नाहीत. सरांनी सांगितलेली तारीख यायच्या आतच कुमुद गेली. पहाटे, झोपेतच. आप्पा तिच्या उशाशी होते. तिला सगळं माहीत होतं, हे आम्ही त्यांना कधीच सांगितलं नाही. तेवढं एक सोंग तिच्या वतीने आम्ही पुढे चालवलं.

दिवसकार्य झाल्यावर सर आले. बालाजी आणि जुबेर आधीच आलेले होते. ओसरीवर गावातली माणसं बसली होती. आप्पांनी सरांना हात धरून जवळ बसवलं आणि थोड्या वेळाने सगळ्यांसमोरच विचारलं, “सर, झाली का पास?”

 मार्क त्याच आठवड्यात विद्यापीठाला गेले होते. मी मनातल्या मनात सरांच्या विनवण्या करत होते, की हो म्हणा, एवढं एक म्हणा.

“नाही,” सर म्हणाले. “तीन कमी पडले. सतरा झाले.”

बालाजी पाय आपटत अंगणात निघून गेला. मला सरांचा इतका संताप आला होता, की त्या माणसाचं तोंड पुन्हा पाहू नये असं वाटलं. तीन मार्कांनी कोणाचं काय गेलं असतं? विद्यापीठ बुडालं असतं?

आप्पा खाली बघत होते. “तीन तुम्हाला देता आले असते.”

“आले असते.”

“मग?”

 सर बोलले तेव्हा त्यांचा आवाज फाटला होता. “मी तीन दिले असते, आप्पा, तर ते वीसच्या वीस मी दिलेले झाले असते. मग तिचं त्यात काहीच राहिलं नसतं. हे सतरा तिने मिळवलेत. त्यातला एकसुद्धा माझा नाही, या पोरांचा नाही.”

 सरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा पुसला.

मग बाहेरगावची एक म्हातारी भेटायला आली, कुमुदची कोणी लांबची आत्या. आल्या आल्या गळा काढून म्हणाली, “काय गं बाई लेकराचं नशीब, एवढं शिकली अन् हाती काही लागलं न्हाई!”

आप्पा उठले. पागोटं नीट केलं.

“असं म्हणू नकोस अक्का,” ते म्हणाले. “बाजेवर पडून सतरा मार्क मिळवलेत माझ्या लेकीनं. कोणी दिलेले न्हाईत.” आणि एवढं बोलल्यावर मात्र ते उंबऱ्यात, जिथे रोज सकाळी बसायचे तिथे, बसले आणि तिला घेऊन गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडले.